शिझुकाची किंकाळी, मित्सीची टपली

नोबिताला नेहमीप्रमाणे आळस आलेला असतो. शिझुकाचं घर दोन गल्ल्यांवर, पण चालायचं कोणी? डोरेमॉनच्या पोटावरच्या खिशातून ते गुलाबी दार निघतं, म्हणाल तिथं नेऊन सोडणारं. नोबिता कडी फिरवतो. पलीकडे वाफ, गरम पाण्याचा टब, आणि टबात गळ्यापर्यंत बुडालेली शिझुका. किंकाळी, पाण्याचा फवारा, दार धाडकन बंद. दहा सेकंदांत सगळं आटोपतं आणि गोष्ट पुढे सरकते.

'डोरेमॉन' हे जपानी कार्टून आपल्याकडे २००५ पासून हिंदीत दिसतंय, त्यामुळे मराठी घरांतल्या दोनेक पिढ्यांना हा प्रसंग तोंडपाठ असेल. माझ्या भाचीनं मात्र परवा विचारलं, "मामा, ही सारखी आंघोळच का करत असते?"

प्रश्न पोरीचा, पण उत्तर द्यायला बसलो तर जपानी मनोरंजनाचं निम्मं दुकान उघडावं लागतं.

आधी आंघोळीचं बघू. जपानी घरात टबात शिरण्याआधी बाहेरच साबण लावून अंग स्वच्छ धुतात. टबातलं कढत पाणी नुसतं डुंबायला असतं आणि घरातली सगळी माणसं एकामागून एक त्याच पाण्यात बसतात. लहान मुलं आईबापांबरोबर आंघोळ करतात, आणि गरम पाण्याच्या झऱ्यांवर अनोळखी माणसं एका कुंडात बसतात (बाया वेगळ्या, बाप्ये वेगळे). म्हणजे आंघोळ दाखवली म्हणून तिथं कुणी दचकत नाही. शिझुकाला आंघोळ आवडते हे तिच्या भाजलेल्या रताळ्यांच्या वेडासारखंच स्वभावाचं एक लक्षण आहे.

पण तो प्रसंग आंघोळीवर रचलेला नाही. तो रचलाय किंकाळीवर. मूळ जपानीत ती ओरडते, "क्याऽ! नोबिता-सान नो एच्ची!" म्हणजे साधारण 'शी, चावट कुठला!' हा 'एच्ची' शब्द इंग्रजी 'एच' या अक्षरावरून आला. ते अक्षर 'हेंताई' म्हणजे विकृत या शब्दाचं आद्याक्षर, असं बहुतेक जण सांगतात. आज त्याचा अर्थ इतका सौम्य झालाय की चौथीतली मुलगीही तो बिनधास्त वापरते. चावटपणा घडला, त्याला नाव मिळालं, दार बंद झालं.

हा साचा नीट समजायचा तर जपानी विनोदातली एक जोडी माहीत हवी. 'मान्झाई' नावाचा दोघांनी उभ्याउभ्या करायचा विनोदाचा प्रकार तिथं फार जुना आणि अफाट लोकप्रिय आहे, ओसाका त्याचं माहेर. एकजण 'बोके', तो वेड्यासारखं काहीतरी बरळतो. दुसरा 'त्सुक्कोमी', तो लगेच त्याला झापतो, बऱ्याचदा डोक्यावर एक टपली मारून. खरं हसू बोकेच्या मूर्खपणापेक्षा टपलीच्या क्षणाला येतं, कारण 'हे चुकीचं होतं' यावर तिथं शिक्का बसतो. 'शिनचॅन' या दुसऱ्या जपानी कार्टूनमधला पाच वर्षांचा शिनचॅन घरी आला की 'आलो' म्हणायच्या ऐवजी घरातल्यांनी म्हणायचा शब्द म्हणतो, 'आलास का, ये'. आई म्हणते, "अरे, 'आलो' म्हणायचं!" एवढाच विनोद, आणि तीस वर्षांहून जास्त काळ चाललाय.

आता हीच जोडी चावट विनोदात घाला. बोके कोण? पुरुष किंवा पोरगा. त्सुक्कोमी कोण? बाई. १९८५ साली सुरू झालेल्या 'सिटी हंटर' या जपानी चित्रकथेत र्यो साएबा हा एरवी अचूक नेमबाज, पण सुंदर बाई दिसली की लाळ गाळणारा. त्याची साथीदार काओरी कुठूनसा एक हातोडा काढते, त्यावर '१०० टन' लिहिलेलं असतं, आणि त्याला जमिनीत गाडते. रुमिको ताकाहाशी यांच्या १९७८ च्या 'उरुसेई यात्सुरा'त आतारू नावाचा पोरगा दिसेल त्या मुलीमागे धावतो आणि परग्रहावरून आलेली, वाघाच्या पट्ट्यांची बिकिनी घालणारी लम त्याला विजेचा झटका देते. हातोडा असो की वीज, काम टपलीचंच.

वरवर पाहिलं तर यात जिंकते बाई. मार खातो तो पुरुष, फजिती होते ती त्याची. असं म्हणणारे खूप आहेत आणि ते अगदीच चूक नाहीत. पण टपलीचं दुसरं काम बघा. शिक्षा झाली म्हणजे हिशेब मिटला. पुढच्या आठवड्यात तोच पोरगा, तीच वाफ, तीच किंकाळी. राग धरायला, मनात ठेवायला, मैत्री तोडायला बाईला जागाच नाही, कारण टपली ही शिक्षा पण आहे आणि पावती पण. आणि मला जास्त खटकणारी गोष्ट वेगळीच आहे. जिला कायम शहाणपणाची बाजू सांभाळायचीय, तिला कधी वेडेपणा करता येत नाही. विनोदातली मजेची भूमिका बोकेची असते. ती पुरुषानं आधीच घेऊन टाकलेली.

ताकाहाशी स्वतः बाई आहेत, हे इथं आठवावं लागतं. 'बाप्यांनी बाप्यांसाठी केलेले विनोद' एवढ्यावर विषय संपत नाही. १९८७ मध्ये त्यांनी 'रानमा १/२' सुरू केली. तिचा नायक एका शापित तळ्यात पडतो, तेव्हापासून थंड पाणी अंगावर पडलं की मुलगी आणि गरम पाणी पडलं की पुन्हा मुलगा. 'मी पुरुष आहे' या त्याच्या ताठ्याची इतकी खिल्ली क्वचितच कुणी उडवली असेल, एक पेला पाणी आणि ताठा खलास. त्याच गोष्टीत एक थेरडा बायकांचे अंतर्वस्त्र चोरत फिरतो आणि ते निव्वळ गंमत म्हणून येतं. साचा मोडणं आणि साचा वापरणं दोन्ही एकाच पानावर, आणि वाचणारा दोन्हीला हसतो.

हे सगळं मुलांच्या मासिकात शिरलं कसं? 'शोनेन जम्प' हे नियतकालिक १९६८ ला निघालं तेव्हा बाजारात आधीच तगडी साप्ताहिकं होती आणि नावाजलेले चित्रकार त्यांनी बांधून ठेवले होते. जम्पला नवख्यांवर डाव लावावा लागला. त्यातल्या गो नागाई या विशीतल्या पोरानं 'हारेंची गाकुएन' म्हणजे 'निर्लज्ज शाळा' काढली. मास्तरच सर्वांत मोठे चावट, मुलींचे स्कर्ट उडवणं हा रोजचा खेळ. खप भरभर वाढला. १९६९ ला एका पेट्रोल कंपनीची जाहिरात टीव्हीवर आली: गाडी सुसाट निघून जाते, रोझा ओगावा या मॉडेलचा पांढरा मिनीस्कर्ट वाऱ्यानं उडतो आणि ती म्हणते, "ओ, मोरेत्सु!" 'बाप रे, काय जोर!' अशा अर्थानं. दोन्हींनी मिळून शाळांच्या मैदानांवर स्कर्ट उडवण्याची साथ आणली. खरोखरची पोरं, खरोखरच्या पोरी. पालक-शिक्षक संघ चवताळले, मासिकावर बहिष्काराची भाषा झाली. नागाईनं उत्तर चित्रांतूनच दिलं. मालिकेच्या एका टप्प्याच्या शेवटी मोठी माणसं सैन्य घेऊन शाळेवर चाल करतात आणि मुलांची कत्तल होते. हसवाहसवीची मालिका अशी रक्तात संपवणं हा सूड होता, त्यात शंका नाही.

कागदावरचा विनोद कागदावरच राहतो असं म्हणणाऱ्यांना ही साथ आठवावी. उलट, सगळा दोष त्या चित्रकथांच्या गळ्यात घालणाऱ्यांनाही एक विचारावंसं वाटतं: जाहिरात तर मोठ्यांनीच केली होती ना? जपानमध्ये विकल्या जाणाऱ्या मोबाइलचा फोटो काढतानाचा 'खटक' आवाज बंद करता येत नाही, हे तिथं राहून आलेल्या कुणालाही विचारा. कायदा नाही, कंपन्यांनीच ठरवलेलं, कारण गाडीत, जिन्यावर बायकांचे चोरून फोटो काढणारे. असे चोरटे फोटो देशभर एकाच कायद्यानं गुन्हा ठरायला २०२३ उजाडलं.

जपानी चित्रकथांबद्दल आपल्याकडे एक मोठा गैरसमज असतो: चित्रं आहेत म्हणजे मुलांसाठी. तिथं मासिकंच वाचकानुसार वाटलेली. 'शोनेन' पोरांसाठी, 'शोजो' पोरींसाठी, 'सेइनेन' मोठ्या पुरुषांसाठी, 'जोसेई' मोठ्या बायकांसाठी. साचे प्रत्येक कप्प्यात आहेत, फक्त वेगळे. मुलींसाठीच्या कथांत नायक नायिकेला भिंतीशी अडवून तिच्या डोक्याशेजारी हात आपटतो, 'काबे-दोन', काबे म्हणजे भिंत आणि दोन हा आपटण्याचा आवाज. २०१४ मध्ये हा शब्द वर्षातल्या गाजलेल्या दहा शब्दांत गेला. प्रत्यक्षात कुणी असं केलं तर पोलीस बोलवावेत, पण पानावर ते स्वप्न म्हणून खपतं, आणि ते रेखाटणाऱ्याही बहुतेक बायकाच.

योशितो उसुई यांचा 'क्रेयॉन शिनचॅन' १९९० ला सुरू झाला तो 'मांगा अॅक्शन' या मोठ्या पुरुषांच्या साप्ताहिकात. ऑफिसला जाताना लोकल गाडीत वाचायचं ते. त्या वाचकाला कळणारी गंमत अशी: एक पाच वर्षांचं पोरगं रस्त्यात तरुण बाई अडवतं आणि पटवायच्या सुरात विचारतं, "ताई, तुम्हाला ढोबळी मिरची खाता येते का? नात्तोमध्ये कांद्याची पात घालता का?" नात्तो म्हणजे आंबवलेले चिकट सोयाबीन. स्वतःला ढोबळी मिरची गिळवत नाही, आणि सूर मात्र बारमध्ये बसलेल्या काकांचा. टिंगल काकांचीच चाललीय. १९९२ मध्ये ही गोष्ट संध्याकाळच्या टीव्हीवर आली आणि खऱ्याखुऱ्या पाच वर्षांच्या पोरांसमोर उभी राहिली. त्यांना काका दिसत नाही, उघडे कुल्ले नाचवणारा आपल्याच वयाचा एक हिरो दिसतो. जपानी पालक संघाच्या 'मुलांना दाखवू नयेत' अशा कार्यक्रमांच्या यादीत शिनचॅन वर्षानुवर्षं वर होता. २००६ मध्ये तो हिंदीत आपल्याकडे आला. आई मिसाएची झाली मित्सी, बाबा हिरोशीचा हॅरी. पालकांच्या तक्रारींनंतर २००८ मध्ये बंदी आली, पुढच्या वर्षी कात्री लावून घेऊन परतला. लोकल गाडीतल्या वाचकापासून हंगामा चॅनलपर्यंत येताना विनोद तोच राहिला, त्याचा पत्ता मात्र दोनदा बदलला.

आता भाषेकडे. मला सगळ्यांत रंजक वाटणारी बाजू हीच, आणि हिंदी डबिंगमध्ये हीच पार गळून जाते.

मराठीत 'मी' सगळ्यांचा सारखा, क्रियापदावरून कळतं बोलणारा कोण: 'मी जातो', 'मी जाते'. जपानीत उलटं. क्रियापद सगळ्यांचं एक, पण 'मी'च अनेक. रांगडा पुरुष 'ओरे', सोज्वळ मुलगा 'बोकु', बाई 'वाताशी' किंवा लाडात 'आताशी', चित्रकथेतला म्हातारा 'वाशि'. शिनचॅन म्हणतो 'ओरा', खेड्यातल्या गड्यासारखं, आणि वाक्याच्या शेवटी 'झो'. वाक्याच्या शेवटचे हे शेपटीसारखे शब्दही वाटलेले आहेत: पुरुषाला 'झो', 'झे', बाईला मऊ 'वा', 'नो यो', 'काशिरा'. त्यामुळे चित्र न बघता नुसता संवाद वाचला तरी कळतं, बोलतंय कोण.

गंमत अशी की असं खरं बोलतं कोण? आजची तोक्योतली तरुण मुलगी 'काशिरा' म्हणत नाही, आणि कुठलाही प्राध्यापक 'वाशि' म्हणत नाही. सातोशी किन्सुई या भाषाअभ्यासकानं याला 'याकुवारिगो' असं नाव दिलं, म्हणजे भूमिकेची भाषा. ती रस्त्यावर सापडत नाही, पण प्रत्येक जपानी मूल ती चित्रकथांतून, टीव्हीवरून शिकतं. आणखी एक टोक: 'वा' आणि 'नो यो'नं नटलेली सर्वांत बायकी जपानी बोलतात त्या अनुवादित इंग्रजी कादंबऱ्यांतल्या नायिका. हे मोमोको नाकामुरा या अभ्यासिकेनं दाखवून दिलं. परक्या बाईच्या तोंडी जपानी बाईपेक्षा जास्त जपानी बाईपण.

आणि ही 'मूळची सुसंस्कृत स्त्रीभाषा' मूळची नाहीच. १८८० च्या दशकात नव्या मुलींच्या शाळांतल्या पोरींनी 'तेयो', 'दावा' अशा शेपट्या लावून बोलायला सुरुवात केली, तेव्हा जाणत्या लेखकांनी नाकं मुरडली होती, ही काय उथळ भाषा म्हणून. पुढे कादंबऱ्यांनी तीच उचलली आणि दोन पिढ्यांत ती खानदानी ठरली.

म्हणून चित्रकथेतली एखादी मुलगी स्वतःला 'बोकु' म्हणते तेव्हा जपानी वाचक कान टवकारतो. हिंदीत हे कसं आणणार? मराठीत आणता येईल. कोल्हापूरकडच्या मुली 'मी आलो' म्हणतात तेव्हा पुण्यातला पाहुणा जसा क्षणभर थबकतो, तसं काहीसं. फरक एवढाच की कोल्हापुरात ती रोजची बोली आहे आणि तिथं लेखकानं मुद्दाम लावलेली खूण.

हीच शेपटी पुरुषाच्या वाक्याला लावली की झाला विनोद. बायकी बोलणारा, लाडिक मुरके मारणारा पुरुष हे जपानी टीव्हीचं जुनं गिऱ्हाईक. १९८०च्या दशकाच्या शेवटी फुजी टीव्हीवर असंच एक पात्र गाजलं: गालावर लाली, हनुवटीवर हिरवट-निळी खुरटी दाढी, आणि नावातच समलिंगी माणसाला हिणवणारा शब्द. २८ सप्टेंबर २०१७ ला एका खास कार्यक्रमात ते पात्र पुन्हा आणलं गेलं. तीस वर्षांपूर्वी ज्या वर्गांत दुसऱ्या दिवशी त्याच नावानं पोरांना चिडवलं गेलं होतं, त्या वर्गांतली पोरं आता चाळिशीत होती आणि त्यांच्या हातात मोबाइल होता. निषेध इतका झाला की वाहिनीच्या अध्यक्षांना माफी मागावी लागली.

'जपानी लोकांना यात काही वावगं वाटतच नाही' हे वाक्य मी खूप ऐकलंय. ते खोटं आहे, आणि आजच नव्हे. १९७५ मध्ये एका झटपट नूडल्सची जाहिरात आली. बाई म्हणते, "वाताशी त्सुकुरु हितो," पुरुष म्हणतो, "बोकु ताबेरु हितो." मराठीत 'मी रांधणारी' आणि 'मी खाणारा'. दोन वाक्यांत बदललेलं काय, तर 'मी' आणि काम. फुसाए इचिकावा यांच्यासारख्या ज्येष्ठ कार्यकर्त्या असलेल्या स्त्रियांच्या गटानं कंपनीकडे तक्रार केली. वर्तमानपत्रांनी 'बायकांना विनोद कळत नाही' म्हणून त्यांचीच टर उडवली, पण जाहिरात त्याच वर्षी बंद झाली.

किंवा शिमा शहराचं घ्या. मिए प्रांतातल्या या किनाऱ्यावर 'आमा' राहतात, श्वास रोखून समुद्रात बुडी मारणाऱ्या, शिंपले आणि कालवं काढणाऱ्या बायका. कित्येक जणी साठी-सत्तरीच्या. पर्यटन वाढावं म्हणून एक शुभंकर आलं, सतरा वर्षांची आमा मुलगी, तिचा पांढरा पोशाख असा की कापडाखाली सगळं कळावं. चीड आली ती त्या आमांनाच. त्यांच्यासह स्थानिकांच्या सह्या गोळा झाल्या आणि २०१५ च्या नोव्हेंबरात शहरानं चित्राची अधिकृत मान्यता काढून घेतली. ज्यांच्या पोटापाण्याच्या कामावर ते चित्र काढलं होतं, त्यांना काढण्याआधी कुणी विचारलं नव्हतं.

बदल होतोय, पण सरळ रेषेत नाही. २००४ मध्ये लहान मुलींसाठी 'प्रिक्युअर' ही मालिका निघाली. निर्मात्याचं सूत्र होतं, 'मुलींनाही दंगा करायचा असतो.' जादूची कांडी नाही, दोन मुली सरळ गुद्दे आणि लाथा घालतात. २०२३ मध्ये तिच्या मुख्य चमूत पहिल्यांदा एक मुलगाही आला. दुसरीकडे जुन्या मालिका नव्या रंगात पुन्हा निघतायत, वाघपट्ट्यांची बिकिनी शाबूत ठेवून.

आता माझ्या बहिणीच्या घरी. तिथं डोरेमॉन चालतो, शिनचॅनला बंदी. कारण विचाराल तर शिनचॅन 'घाण' आहे. मला हे उलटं वाटतं. शिझुका हुशार, नीटनेटकी, व्हायोलिन वाजवणारी. (वाजवते भयंकर. तिच्या वाट्याला आलेला हा एकमेव बोकेपणा, पण तोही ऐकायला कुणी थांबत नाही.) एरवी तिचं काम म्हणजे किंचाळणं आणि दार लावून घेणं. मित्सी बघा. तीही टपल्या मारते, दोन्ही मुठींनी शिनचॅनची कानशिलं रगडते. पण ती सेल लागला की गर्दीत घुसते, डाएट सुरू केल्याच्या रात्री फ्रिज उघडते, उशिरा उठते, नवऱ्यापासून पैसे लपवते, आणि तिची चोरी पकडतं ते पाच वर्षांचं पोरगं. तेव्हा त्सुक्कोमी शिनचॅन आणि बोके ती. तिच्या शरीरावरचे टोमणे मला आजही आवडत नाहीत. तरी या सगळ्या गोतावळ्यात मनसोक्त मूर्खपणा करायची मुभा असलेली बाई मला तरी तीच दिसते.

हे सगळं भाचीला सांगितलं नाही. एवढंच म्हणालो, "तिला आंघोळ आवडते, पण दार ठोठावून जायचं असतं हे नोबिताला कुणी शिकवलं नाही." मग बहीण स्वयंपाकघरात असताना आम्ही हळूच शिनचॅन लावला. मित्सी पिशवी पाठीमागे लपवून घरात शिरत होती, दोन घेतल्या तर तिसरी फुकट म्हणून आणलेलं काहीतरी. शिनचॅननं सगळ्यांसमोर किंमत वाचून दाखवली. मागून हसण्याचा आवाज आला. बहीण हातात झारा घेऊन दारात उभी होती. पुरता भाग बघितला, आणि मग रिमोट काढून घेतला.